शिक्क्याखालचा आकडा: गिम्पमध्ये रंगचॅनलचा थ्रेशोल्ड बसवताना

आत्याकडे १९५४ सालचं एक खरेदीखत आहे. टाकाने लिहिलेलं, वरच्या कोपऱ्यात पाण्याचा पिवळट डाग, आणि क्षेत्राच्या आकड्यावर नेमका रजिस्ट्रीचा गोल निळा शिक्का. एक एकर आणि पुढे किती गुंठे, एवढाच प्रश्न होता. एका दुकानातून झेरॉक्स काढून आणली तर शिक्काही काळा, डागही काळा आणि आकडा त्या काळ्यात बुडालेला. दुकानदाराने ‘डार्क’ कमी करून दुसरी काढून दिली. तिच्यात शिक्का फिकट झाला, पण अक्षरांच्या बारीक रेघाही गेल्या. आत्या म्हणाली, “अरे, ते अकरा की एकोणीस एवढं सांग, बाकी मला काही नको.”

ते सांगायला एक संध्याकाळ गेली. नंतर अशी पंचवीसेक पानं केली, तेव्हा कुठे पद्धत हाताला बसली. गिम्प हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठी कागदांवर मी तेच वापरतो, म्हणून मेनूची नावं त्यातली दिली आहेत. त्याची २.१० आवृत्ती असो की २०२५ च्या मार्चमध्ये आलेली ३.०, खालच्या पायऱ्या दोन्हीकडे चालतात. दुसरा कुठला इफेक्ट प्लग-इन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) वापरत असाल तरी हिशोब हाच.

झेरॉक्स का फसते

लहानपणी लाल जिलेटिन पेपरमधून वही पाहिली असेल तर अर्धं काम झालं. लाल कागदातून पाहिलं की लाल पेनाचं लिखाण दिसेनासं होतं आणि निळं मात्र काळं होऊन उठून दिसतं. रंगीत फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. त्यातला एकच आकडा घेऊन चित्र पाहणं म्हणजे एका रंगाच्या जिलेटिनमधून पाहणं. त्यालाच चॅनल म्हणतात. निळा शिक्का निळ्या चॅनलमध्ये जवळजवळ कागदाइतका उजळ दिसतो आणि लाल चॅनलमध्ये काळा. पिवळट डागाचं उलट आहे. तो लालमध्ये उजळ आणि निळ्यात गडद.

थ्रेशोल्ड म्हणजे एक रेषा. तिच्या वरचं सगळं पांढरं, खालचं सगळं काळं. झेरॉक्सचं मशीन तिन्ही रंग मिसळून एकच करडं चित्र बनवतं आणि त्यावर रेषा ओढतं. नेमकं तिथे बिघडतं, कारण करड्यात शिक्का आणि शाईची बारीक रेघ यांची अदलाबदल होते. कशी ते आकड्यांत दाखवतो.

आधी फोटो

स्कॅनर असेल तर रंगीत, ३०० डीपीआय. ‘टेक्स्ट’ किंवा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मोड चुकूनही नको. मोबाइलनेच काढायचा तर दिवसा, खिडकीजवळ, कागद सपाट ठेवून. पिवळ्या बल्बखाली काढू नका. त्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो, त्यामुळे निळा चॅनल दाणेदार येतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तसंही निम्मे ठिपके हिरव्याचे आणि लाल-निळ्याला फक्त पाव-पाव हिस्सा. म्हणून हिरवा चॅनल सगळ्यात स्वच्छ असतो. निळ्याच्या वाट्याला आधीच कमी, त्यात उजेडही पिवळा, मग काय उरणार.

दुसरी भानगड व्हॉट्सअ‍ॅपची. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं. जेपेगमध्ये बहुतेक वेळा उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना निम्मी करतात. डोळ्याला ते कळत नाही, पण चॅनल वेगळा केला की अक्षरांच्या कडांना चौकोनी ठोकळे दिसतात. आपलं सगळं काम रंगाच्या फरकावर चालणार आहे, तेव्हा भाच्याला सांगा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव.

पिपेटने मोजून घ्या

थ्रेशोल्डच्या पट्टीला हात लावायच्या आधी दहा मिनिटं मोजमापात घालवा. कलर पिकर म्हणजे पिपेटचं चिन्ह असलेलं हत्यार घ्या, ‘सॅम्पल अ‍ॅव्हरेज’ चालू करा, म्हणजे एका ठिपक्याऐवजी आजूबाजूची सरासरी मिळेल. माहितीच्या खिडकीत ० ते २५५ चे आकडे दिसू द्या. मग पानावरच्या वेगवेगळ्या जागी क्लिक करून कागदावर टिपा. आत्याच्या खतावर मला मिळाले ते असे, लाल-हिरवा-निळा या क्रमाने:

कोरा कागद: २२६, २०५, १६०
पाण्याचा डाग: १९०, १५०, ९०
शाईची जाड रेघ: ६२, ५२, ४८
शाईची बारीक रेघ: १३०, ११८, १००
कोऱ्या कागदावरचा शिक्का: ८८, ९२, १४८
डागावर पडलेला शिक्का: ७४, ६७, ८३

टाकाच्या लिखाणात जाड-बारीक हा फरक असतोच, म्हणून शाईचे दोन आकडे घेतले. एकच घ्यायचा असेल तर बारीक रेघेचा घ्या. जाड रेघ कशीही वाचते.

आता करडं चित्र करून पाहू. साधारण तीस टक्के लाल, एकोणसाठ टक्के हिरवा, अकरा टक्के निळा असं मिश्रण धरलं, तर कागद २०६, डाग १५५, जाड रेघ ५५, बारीक रेघ १२० आणि शिक्का ९७ येतो. शिक्का बारीक रेघेपेक्षा गडद! रेषा १२० च्या वर ओढली तर रेघ वाचते, पण शिक्काही काळा होतो. ९७ च्या खाली ओढली तर शिक्का जातो आणि बारीक रेघही जाते. मधे जागाच नाही. दुकानदाराच्या दोन झेरॉक्स म्हणजे याच दोन बाजू. त्या बिचाऱ्याने बटण कितीही फिरवलं असतं तरी तिसरी निघाली नसती.

एकेक चॅनल पाहून घ्या

‘कलर्स’ मेनूत ‘कंपोनंट्स’, त्यात ‘डिकंपोज’. हा गिम्पच्या आतला एक प्लग-इनच आहे. कलर मॉडेल आरजीबी ठेवा आणि ‘डिकंपोज टू लेयर्स’वर खूण करा. तीन थरांचं नवं करडं चित्र उघडेल. थरांपुढचे डोळे उघडझाप करून पाहा. लालमध्ये डाग जवळजवळ गायब, शिक्का ठसठशीत. निळ्यात शिक्का पुसट, डाग मात्र ढगासारखा.

म्हणजे एकाच चॅनलवर थ्रेशोल्ड लावून भागत नाही. लालमध्ये शिक्का ८८ आणि बारीक रेघ १३०, तीच अदलाबदल. निळ्यात रेघ १०० आणि डाग ९०, म्हणजे डाग रेघेपेक्षा गडद. बरेच जण इथे येऊन ‘हे काही जमत नाही’ म्हणून सोडून देतात.

पण शाई तिन्हीकडे गडद आहे. शिक्का एकीकडे तरी उजळ आहे, डागही एकीकडे तरी उजळ आहे. मग प्रत्येक ठिपक्याचा सगळ्यात मोठा आकडाच घेतला तर? शिक्क्याचा १४८, डागाचा १९०, बारीक रेघेचा १३०, जाड रेघेचा ६२. आता क्रम सरळ झाला, शाई खाली आणि बाकी सगळं वर. यासाठी लाल थरावर निळा थर ‘लाइटन ओन्ली’ मोडमध्ये ठेवता येतो. पण त्याचीही गरज नाही. थ्रेशोल्डच्या खिडकीत चॅनलच्या यादीत पहिलंच नाव ‘व्हॅल्यू’ असतं. त्याचा अर्थ सरासरी नसून तिन्हींतला मोठा आकडा असाच आहे. मी कितीतरी दिवस ते ‘साधं करडं’ समजून पुढे जात होतो.

प्रत्येक चॅनलला त्याचा स्वतःचा कागद

क्रम सरळ झाला तरी बारीक रेघ १३० आणि शिक्का १४८ यांच्यात जागा फक्त १८ ची. कागदाचा खडबडीतपणा, स्कॅनचे दाणे यातच ती संपते. जागा वाढवायची तर आधी कागद पांढरा करायला हवा, तोही तिन्ही चॅनलमध्ये वेगवेगळा. जुना कागद पिवळा पडतो म्हणजे त्याचा निळा आकडा उतरतो, इथे १६० पर्यंत. लालमधला १४८ आणि निळ्यातला १४८ यांची किंमत सारखी नाही. लालमध्ये २२६ पैकी १४८ म्हणजे बऱ्यापैकी गडद, निळ्यात १६० पैकी १४८ म्हणजे जवळजवळ कोरा कागद. दोघांना एकच रेषा लावणं म्हणजे शेर आणि किलोची वजनं एका तागडीत टाकणं.

‘कलर्स’, ‘लेव्हल्स’. खाली तीन पिपेट दिसतील, त्यातला पांढऱ्याचा उचला आणि डाग नसलेल्या कोऱ्या कागदावर क्लिक करा. सर्व चॅनलसाठी असलेलाच घ्या. तो लालचं टोक २२६ वर, हिरव्याचं २०५ वर आणि निळ्याचं १६० वर आणून ठेवतो. हातानेच करायचं असेल तर वरच्या यादीतून एकेक चॅनल निवडून उजवीकडचा त्रिकोण कागदाच्या आकड्यापर्यंत ओढा. काळ्याच्या पिपेटला हात लावू नका. शाईत थोडा जीव राहू द्या.

आता मोठा आकडा पुन्हा काढा: कागद २५५, डाग २१४, शिक्का २३६, बारीक रेघ १५९, जाड रेघ ७७. अठराची जागा पंचावन्न झाली. १५९ आणि २१४ च्या मधे कुठेही रेषा ओढा, शिक्का आणि डाग दोन्ही उडतात.

फक्त एक कोपरा अडतो, डागावर पडलेला शिक्का. तिथे शिक्क्याने लाल खाल्लेला आणि डागाने निळा खाल्लेला. पांढरं करूनही मोठा आकडा १३२ च येतो, म्हणजे बारीक रेघेच्या खाली. आत्याचा आकडा, अर्थातच, नेमका तिथे होता.

डाग भागून काढा

सुरुवातीला मी त्या कोपऱ्याभोवती लॅसोने, म्हणजे मोकळ्या हाताने रेघ ओढून, निवड करून तेवढ्यापुरता वेगळा थ्रेशोल्ड लावत असे. जाड अक्षरं मिळतात, बारीक जातात. मग सुचलं, की सबंध पानासाठी एकच कागद धरण्याऐवजी प्रत्येक जागेचा तिथलाच कागद धरावा. डाग पडलेला कागद हाही कागदच की.

असं करायचं. लेव्हल्सची पायरी पूर्ववत करा, मूळ रंगीत चित्र हवं. थराची नक्कल करा. वरच्या नकलेवर ‘फिल्टर्स’, ‘ब्लर’, ‘मीडियन ब्लर’. त्रिज्या ३०० डीपीआयला चाळीसच्या आसपास, आणि ‘पर्सेंटाइल’ पन्नासवरून ऐंशीवर न्या. म्हणजे फिल्टर आजूबाजूच्या ठिपक्यांमधला मधला ठिपका उचलण्याऐवजी उजळांपैकी एक उचलतो. शाई आणि शिक्क्याच्या रेघा वितळून जातात, मागे फक्त कागद आणि डाग राहतात. मोठ्या पानावर याला वेळ लागतो. चहा टाका.

झाल्यावर वरच्या थराचा मोड ‘डिव्हाइड’ करा. खालचं चित्र वरच्या कागदाने भागलं जातं, तिन्ही चॅनल वेगवेगळे. डाग जातो, पानाच्या घडीजवळची सावली जाते, मोबाइल धरलेल्या हाताची सावलीसुद्धा जाते. डागावरचा शिक्का आता कोऱ्या कागदावरच्या शिक्क्यासारखाच दिसतो, २३६ च्या आसपास. ‘लेयर’ मेनूतून ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ घेऊन पुढचं काम त्या थरावर करा. लेव्हल्सची गरज उरत नाही.

त्रिज्या किती, हे शिक्क्यावर ठरतं. शिक्क्याच्या रेघा पातळ आणि मधे कागद दिसत असेल तर चाळीस पुरतात. शाईने भरलेला सपाट ठप्पा असेल तर फिल्टर त्यालाच कागद समजतो. मग सत्तर-ऐंशीपर्यंत वाढवावी लागते, आणि तेवढ्यात डागाची कड पुन्हा डोकं काढते. अशा वेळी मी दोन प्रती काढून शेजारीशेजारी ठेवून वाचतो.

रेषा कुठे ओढायची

त्याआधी ‘इमेज’, ‘स्केल इमेज’मध्ये चित्र २०० टक्के करा, क्यूबिक पद्धतीने. काळं-पांढरं झाल्यावर अक्षरांच्या करड्या कडा जातात आणि जिना दिसू लागतो. आधीच मोठं केलं तर जिन्याच्या पायऱ्या निम्म्या उंचीच्या होतात आणि जोडाक्षरं वाचता येतात.

मग ‘कलर्स’, ‘थ्रेशोल्ड’, चॅनल ‘व्हॅल्यू’. ‘ऑटो’ दाबायचा मोह होतो. स्वयंचलित पद्धतींमध्ये सगळ्यात प्रसिद्ध, नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली मांडलेली पद्धत, ठिपक्यांचे दोन गट पाडून मधली रेषा शोधते. दोन्ही गट तुल्यबळ असले तर ती छान चालते. लिहिलेल्या पानावर शाई पसाभर आणि कागद पोतंभर. त्यात शिक्का हा तिसरा पाहुणा. ऑटोचा आकडा पाहा आणि सोडून द्या.

पानावरची सगळ्यात बारीक रेघ शोधा, वेलांटीची शेपटी किंवा रफार, आणि तिथे २०० टक्के झूम करा. डावीकडचा त्रिकोण २०० वर ठेवा आणि हळूहळू खाली आणा. कुठेतरी ती रेघ तुटेल. तिथून दहा मागे. माझ्या पानावर ती १६० च्या आसपास तुटायला लागली, मी १७० वर थांबलो. मग झूम काढून शिक्क्याच्या जागी काय उरलं ते पाहा. कडेचे दोन-चार ठिपके उरतात, त्यांची काळजी नको. ‘स्प्लिट व्ह्यू’ चालू ठेवलं तर अर्ध्या भागात मूळ चित्र दिसत राहतं.

उरलेले ठिपके साफ करायचे फिल्टर असतात. मराठी पानावर ते वापरू नका, निदान सरसकट नको. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या लिखाणात अनुस्वारांचा सडा असतो, ‘गांव’, ‘घरांत’, ‘त्यांत’. फिल्टरला अनुस्वार आणि धूळ यांतला फरक कळत नाही. एकदा मी सबंध पान ‘स्वच्छ’ केलं आणि मग लक्षात आलं, की अनुस्वार तर गेलेच, आकड्यांमधले अपूर्णविरामही गेले. खोडरबर घेऊन हाताने जेवढं पुसता येईल तेवढंच पुसा.

रंग वेगळे असतील तर

जांभळ्या शिक्क्याला वरचीच पद्धत चालते. जांभळा लाल आणि निळ्यात बराच उजळ असतो, फक्त हिरव्यात गडद. लाल शाईची समासाची रेघ किंवा लाल पेन्सिलीची खूण काढायची तर लाल चॅनल एकटा पुरतो.

काजळीच्या शाईने बोरूने लिहिलेले मोडी कागद सोपे जातात. काजळी विटत नाही, ती तिन्ही चॅनलमध्ये काळीकुट्ट राहते. तिथे व्हॅल्यू लावा आणि निर्धास्त राहा.

विटून तपकिरी झालेली शाई मात्र उलटी वागते. तिचे आकडे १७०, १४०, ९५ असे काहीतरी येतात. लालमध्ये ती कागदाच्या पाऊणपट उजळ, निळ्यात साठ टक्क्यांच्या आत. इथे मोठा आकडा घेतलात तर शाईचा फिकट चेहराच हाती येतो. आधी भागाकार करून डाग घालवा आणि मग थ्रेशोल्डच्या यादीतून ‘ब्लू’ निवडा. निळा शिक्काही त्यातच मावळतो. दाणे दिसले तर थ्रेशोल्डच्या आधी एखाद्या पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, त्याहून जास्त नको.

काळ्या शाईवर काळाच शिक्का असेल तर चॅनल वेगळे करून काही मिळत नाही. रंगाचा फरक नाही तिथे आपला इलाज नाही. भिंग घ्या.

ठेवायचं कसं

‘इमेज’, ‘मोड’, ‘इंडेक्स्ड’, त्यात एक बिटचं काळं-पांढरं पॅलेट निवडा आणि पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट करा. फाइल अगदी छोटी होते. मूळ रंगीत स्कॅनवर काहीही सेव्ह करू नका, आणि फाइलच्या नावातच ‘वाचनप्रत’ लिहा. शिक्का काढलेला कागद दिसायला फार साळसूद दिसतो. कुणी तो भोळेपणाने एखाद्या कामात जोडला तर ‘शिक्का कुठाय?’ इथपासून सुरुवात होईल. कामासाठी लागते ती दुय्यम निबंधक कार्यालयातून घेतलेली नक्कल. वाचनप्रत आपली आपल्याला वाचायला.

आत्याचा आकडा झेरॉक्समध्ये सरळ १९ वाटायचा. शिक्का गेल्यावर दिसलं, की ९ चं पोट म्हणजे शिक्क्याच्या कडेचा तुकडा होता. शाईची रेघ वरून खाली आली होती आणि डावीकडे न वळता तशीच संपली होती. ११. तरी एका आकड्यावर विसंबायला नको म्हणून खाली ‘अक्षरी’ कुठे आहे ते शोधलं. ती ओळ घडीवर आली होती, निम्मी झिजलेली. त्याच पद्धतीने तिथे ‘अक…’ एवढं निघालं आणि त्यापुढे ‘रा’चा काना. एकोणीसच्या सुरुवातीला ए येतो. आत्याला फोन केला. ती म्हणाली, “म्हणजे आठ गुंठे कमीच.” आणि थोडं थांबून, “बरं झालं, भांडायला जायचं होतं उद्या.”